वरच्या टोकाचं घर

अप्पांनी स्वतःची चूल स्वतःच्या हातांनी मोडली, त्या सकाळी बुटकी बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. मोडायला लावली होती तिनेच.

"द्या इकडे. घणाने दोन मिनिटांत होईल," तिचा नवरा म्हणाला.

"घण तुमच्या पाइपांना ठेवा, जावईबापू," अप्पा म्हणाले. "हिची वीट रागावून निघत नाही. समजूत काढावी लागते."

ते गुडघ्यांवर बसले होते. थापीची कड सांध्यात घालायची, मनगटाने हलकेच ठोकायचं, माती भुरभुरली की वीट दोन्ही हातांनी बाहेर घ्यायची. गावात घरं चाळीस, आणि चाळीसही घरांत अप्पांच्याच हातची चूल. धुराडं भिंतीतून वळणं घेत असं वर जायचं, की स्वयंपाक होईतो अख्खी खोली उबदार व्हायची. "डोळ्यांत धूर गेला तर चूल परत नेईन," असं ते प्रत्येक घरी सांगत. तीस वर्षांत एकही परत न्यावी लागली नव्हती. लोक त्यांना चूलवाले अप्पाच म्हणत. त्यांच्या लेकीला बुटकी म्हणत, कारण ती होतीच बुटकी. लग्नात हार घालताना नवऱ्याला वाकावं लागलं होतं.

आता गावात जमिनीतली ऊब घरोघर खेळवायचं काम आलं होतं. नदीकाठी ऊन पाण्याचा झरा पहिल्यापासून होता. त्याच्याच अंगाला यंत्राने दोन खोल भोकं पाडली. एकातून कढत पाणी वर यायचं, पंपघरात आपली ऊब दुसऱ्या पाण्याला द्यायचं आणि दुसऱ्या भोकातून परत जमिनीत जायचं. ते दुसरं पाणी नळांतून गावभर फिरायचं आणि घरोघरच्या भिंतीवरची लोखंडी पेटी तापवायचं. बुटकीचा नवरा पूर्वी नळ दुरुस्त करायचा, म्हणून या लाइनीवर त्यालाच नेमलं. गावाने त्याला नळवाला म्हणायला सुरुवात केली.

अप्पांचं घर सगळ्यात वर, लाइनीच्या टोकाला. एकच खोली. एका भिंतीत दार, एकीत खिडकी, मागची भिंत डोंगरात घुसलेली, कायम ओली. पेटी लावायला एकच भिंत उरत होती, आणि तिच्यापुढे चूल होती.

"दोन्ही ठेवता नसतं आलं?" अप्पांनी आदल्या आठवड्यात एकदाच विचारलं होतं.

"जागा कुठाय, अप्पा? आणि लाकडं कोण फोडणार? गेल्या थंडीत पाठीत उसण भरली, पंधरा दिवस पालथे पडून होतात. माझ्या जिवाला घोर. मला खाली बाळ, सासूबाई. मी किती धावू?"

"बरं," अप्पा म्हणाले. तिची आई गेल्यापासून त्यांनी लेकीला नाही म्हटलं नव्हतं.

विटा त्यांनी शाळेच्या कुंपणाला देऊन टाकल्या. पुसून, लागलेली माती खरवडून दिल्या.

थंडी पडली आणि पेट्या तापल्या. पहिले काही दिवस गाव नुसतं भिंतीला हात लावत हिंडत होतं. सासूबाई तर गुडघे पेटीला टेकवून बसायच्या त्या जेवायलाच उठायच्या.

"माझ्या आईनेसुद्धा इतकी माया केली नाही गं," त्या म्हणायच्या.

"पेटी बोलत नाही ना, आई. म्हणून गोड लागते," नवरा म्हणाला, आणि सासूबाईंनी त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पेटीच्या वरच्या कोपऱ्यात बोटाएवढी चावी होती. आत हवा धरली की पेटी पोट बिघडल्यासारखी गुरगुरायची आणि वरून गार पडायची. मग ती चावी अर्धा फेरा उघडायची, हवा फुसकन जायची, पाणी आलं की लगेच बंद. नवऱ्याने बुटकीला दाखवलं.

"वाटीभर यायच्या आत बंद करायची. हे पाणी नुसतं फिरायचं पाणी आहे, वापरायचं नाही. कळलं?"

"कळलं."

वाटीत आलेलं ते पाणी फेकून द्यायला तिला जड गेलं. हाताला सोसेल न सोसेल इतकं कढत. तिने त्यात बाळाचं एक दुपटं बुडवलं. दुपटं निघालं ते नव्यासारखं.

बाळ आठ महिन्यांचं. दिवसाला दहा-बारा दुपटी, वर सासूबाईंचे पायमोजे, नवऱ्याचे चिखलाने माखलेले कपडे. अंगणातल्या नळाचं पाणी सुरीसारखं लागायचं; बोटांच्या पेरांवर भेगा पडून त्यांतून रक्त यायचं, आणि बाळाला अंगाशी घेतलं की त्या भेगा त्याच्या लोकरी स्वेटरात अडकायच्या. झरा होता, पण उतरायला अर्धा तास आणि ओली पाटी डोक्यावर घेऊन चढायला पाऊण. पूर्वी ती जायची. आता कडेवर बाळ घेऊन त्या गोठलेल्या पायवाटेने कोण जाणार? पेटीपायी इथलीही चूल गेली होती, आणि विजेच्या शेगडीवर बादली तापेपर्यंत बाळ तीनदा रडून उठायचं.

वाटीचा तांब्या झाला, तांब्याची बादली. आठवडाभरात दोन बादल्या रोजच्या ठरून गेल्या. नवरा सकाळी लाइनीवर गेला की.

एकदा ती न्हाणीच्या दाराशी दुपटी पिळत होती. कुंपणापलीकडून शिवणवाल्या काकूंनी मान वर केली. पिळलेल्या दुपट्यांतून वाफ निघत होती.

"तूसुद्धा का?"

"मी काय, काकू?"

"अगं, लाजतेस काय. सगळेच घेतात. दुकानदार तर न्हातो. घटकाभर न्हातो, बायको सांगत होती, लग्नात न्हाला नव्हता एवढा." काकूंनी तोंडातली टाचणी काढून गळपट्टीला खोचली. "जमिनीतलं पाणी. झरा कधी उपसून आटलाय का? माझ्या आजीच्या आजीपासून उपसतोय."

बुटकीलाही ते पटलं. ऊन पाणी संपतं, हे त्या गावात कुणी पाहिलंच नव्हतं. नवऱ्याने सांगितलेलं ती विसरली नव्हती; पण ते त्याच्या कामाचं बोलणं होतं आणि बादली तिच्या कामाची.

पंपघरात दाबाचा काटा खाली सरकायला लागला. नळवाला रोज सकाळी लाइनीत नवं गार पाणी भरायचा, संध्याकाळी काटा पुन्हा खाली. कुठेतरी गळती होती. लोखंडी कांब जमिनीत रोवून तिचं टोक कानाला लावायचा आणि पावलागणिक ऐकत जायचा. जिथे बर्फ जरा लवकर विरघळलेला दिसे, तिथे कुदळ घालायचा. गोठलेली माती दगडासारखी. कुदळ उसळून हाताला झिणझिण्या आणायची. सहा ठिकाणी खणलं. सहाही ठिकाणी नळ बाहेरून कोरडा, धडधाकट.

कामावरचे साहेब आठवड्यातून दोनदा गाडीने यायचे. त्यांनी पंपघराच्या दारात, दहा माणसांसमोर त्याला विचारलं, "रोजचं एवढं पाणी जातं कुठे? जमीन पिते की तुम्ही पिता?"

दहा माणसं हसली. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्या वेळी बादल्या भरत होत्या.

हे नवऱ्याने घरी सांगितलं नाही. काकूंनी कुंपणावरून सांगितलं. त्या संध्याकाळी त्याला घासही नीट उचलता येईना, बोटं मिटत नव्हती. बुटकीने ताट ओढून त्याला चार घास भरवले. तो लहान मुलासारखा भरवून घेत राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडे कुणी चावी उघडत नाही ना?"

"हवा धरली तर. तेवढीच," ती म्हणाली. ताटाकडे बघत.

"सगळ्यात आधी वरचं टोक उपाशी राहतं. दाब नसला की पाणी तिथवर चढतच नाही. अप्पांना रोज विचारतो. म्हणतात, ऊब आहे."

सासूबाईंनी पेटीपाशी गुडघे हलवले. बादल्या त्यांनी पाहिल्या होत्या. दुपटी वाळत त्याच घालायच्या.

दुसऱ्या दिवशी बुटकी बाळाला पाठीशी बांधून वर गेली. अप्पा खिडकीपाशी बसले होते. अंथरूण तिथे ओढून आणलेलं, अंगात दोन स्वेटर, कानटोपी. बाहेर ऊन होतं तेवढ्या चौकोनात त्यांनी पाय ठेवले होते.

तिने पेटीला हात लावला. खालची वीतभर कोमट. वर लोखंड नुसतं.

"अप्पा, ही गार आहे."

"आत्ता आत्तापर्यंत बरी होती. तू आलीस आणि रुसली."

"थट्टा नको. किती दिवस झाले?"

"मोजतंय कोण? ऊब आहे गं. माणसाला किती ऊब लागते?" बोलता बोलता त्यांना ढास लागली. खोकला कोरडा नव्हता. ते थांबेतो ती पाठीवर हात फिरवत राहिली. स्वेटरांखाली पाठीचे मणके हाताला लागत होते.

"चला खाली आमच्याकडे."

"तुझ्या सासूची पेटी मी अडवू? गुडघ्यांशी वैर कोण घेईल, बाई." त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याची पावलं आपल्या तळव्यांत धरली. लगेच सोडली. "हात गार आहेत माझे. हाताला काम नसलं की गारठतात. तू धर."

त्या क्षणी ती बोलली असती तर बोलली असती. जिभेवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं, "जावईबापूंना गळती सापडली का?" आणि ती म्हणाली, "नाही अजून."

उतरताना तिने मनाशी पक्कं केलं, उद्यापासून बंद. चावीला हात लावायचा नाही.

उद्या बाळाचं पोट बिघडलं. सकाळच्या सकाळी सात दुपटी. आजच्या दिवस, ती म्हणाली. परवाही पोट तसंच. मग दात येतोय हे कळलं. आजच्या दिवस, आजच्या दिवस करत पाच दिवस गेले. आपल्या दोन बादल्यांनी असं काय होणार, हाही विचार होताच. गावाच्या ऐंशी बादल्या होत्या, तिच्या दोनच.

सहाव्या सकाळी नवरा दारात बूट घालत होता. बराच वेळ घालत होता.

"आज कपडे राहू देत," तो म्हणाला. "आभाळ आलंय."

तिने बाहेर पाहिलं. आभाळ धुतलेल्या काचेसारखं लख्ख होतं.

"कुठाय आभाळ?"

"राहू देत म्हटलं ना," तो तिच्याकडे न बघता म्हणाला आणि गेला.

ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग आतून बाळ रडलं, दुपट्यांचा वास आला, आणि तिने बादली चावीखाली लावली. पाण्याकडे तिने बघितलंही नाही, आणि न्हाणीत तर उजेडच नव्हता. अंधारातच तिने दुपटी साबणात बुडवली, त्यांवर कढत पाणी ओतलं आणि बाळाला पाजायला आत बसली. बाळ पिता पिता झोपलं, तिलाही डुलकी लागली. सासूबाईंनी पाहिलं, पोर थकली आहे. त्यांनीच दुपटी चोळली, पिळली आणि अंगणात दोरीवर घातली. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यातही उतरत होता.

बुटकी जागी झाली ती बाहेरच्या हसण्याने.

दोरीवर अकरा दुपटी, अकराही हिरवीगार. साधं हिरवं नव्हे. उन्हात आतून दिवा लावल्यासारखं चमकणारं. तिने धावत जाऊन एक ओढलं, अंगणातल्या गार नळाखाली धरलं, चोळलं. बोटं हिरवी झाली. दुपटं हिरवंच राहिलं.

कुंपणापलीकडे शिवणवाल्या काकू आपली हिरवी चादर काढून घरात पळवत होत्या. रस्त्यावर दुकानदार उभा होता, पांढऱ्या मिशा पोपटासारख्या झालेल्या. मास्तरांच्या शर्टाची कॉलर हिरवी. आधी सगळे एकमेकांना बोट दाखवून हसत होते. मग ज्याचं त्याचं लक्ष आपापल्या दोरीकडे गेलं आणि हसणं विरलं. साहेबांनी पहाटे लाइनीच्या पाण्यात रंग सोडला होता. सोडला होता म्हणजे डबा नळवाल्याच्याच हातात दिला होता आणि घरी बोलायचं नाही असं बजावलं होतं.

साहेब वही घेऊन दोऱ्या बघत येत होते. मागे नळवाला. बुटकीच्या दारापाशी साहेब थांबले.

"हे कुणाचं घर?"

"माझं," नवरा म्हणाला.

साहेबांनी वही मिटली. "वा. चोर शोधायला ठेवलेला माणूस आणि चोर एकाच ताटात जेवतात."

रस्त्यावर निम्मं गाव होतं. नवरा अंगणात आला. त्याने दोरीवरून एकेक दुपटं काढलं, झटकलं, घडी केली. अकराही. घड्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आत ठेव. ओली आहेत, बाळाला लावू नकोस." मग साहेबांच्या मागून पुढच्या घराकडे गेला.

त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मलाच नीट दिसत नाही गं," सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या. "मी वाळत घातली नसती तर…"

"तुमचं काय चुकलं, आई," बुटकी म्हणाली. बाळाला त्यांच्याकडे दिलं आणि चप्पल न बघता पायात सरकवून वर निघाली. आता सांगायचंच होतं. चढ संपेपर्यंत तिने वाक्यं जुळवली: अप्पा, तुमची ऊब मी घेतली. गळती लाइनीत नव्हती, अप्पा.

अप्पा अंगणात दगडावर बसले होते, उन्हात. तिथून सगळं गाव दिसायचं. सगळी अंगणं, सगळ्या दोऱ्या. बऱ्याच दोऱ्यांवर अजून हिरवं फडफडत होतं.

"ये," ते म्हणाले. "गावाने झेंडे लावलेत बघ. कोण आलंय म्हणायचं?"

ती जवळ जाऊन बसली. धाप लागलेली, हात पदराखाली. ते बोलताना श्वास मधे तोडत होते, आणि श्वासाबरोबर छातीत काहीतरी वाजत होतं.

"अप्पा…"

"डोळे चांगले आहेत हो माझे अजून," ते गावाकडे बघत म्हणाले. "खालून तिसऱ्या घराने मात्र लवकर काढले." ते तिसरं घर तिचंच होतं. "तान्हं पोर घरात असलं की कपडे धुवावेच लागतात. तुझी आई झऱ्यावर जायची. येताना पदराला बर्फ झालेला असायचा. मी कधी तिच्यासाठी बादलीभर तापवून ठेवलं नाही, बघ. चुली गावाच्या घालत होतो."

तिने हात पदराबाहेर काढले. बोटं हिरवी होती. त्यांनी पाहिली, आणि दुसरीकडे पाहिलं. तिची वाक्यं तिथेच राहिली.

संध्याकाळी त्यांना ताप भरला. नवऱ्याने आणि शेजारच्या दोघांनी त्यांना खाटेवरून खाली, लेकीच्या घरी आणलं. सासूबाईंनी न सांगता पेटीपाशी जागा करून दिली. चौथ्या दिवशी शहरातून तिचा भाऊ, दादा, आला. तो बहिणीला काहीही बोलला नाही, एवढंच म्हणाला, "मला कळवायचं तरी." गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून अप्पांना झोपवलं. अप्पांनी जावयाचा हात धरला आणि म्हणाले, "वरची चावी अधूनमधून सोडत जा. हवा धरते." जसं काही ते पेटीच्याच काळजीने चालले होते.

त्या दिवसानंतर गावात कुणी बादली लावली नाही. कुणी कुणाला तसं बजावलं नव्हतं. दुकानदाराने मिशा काढून टाकल्या. नळवाल्याची नोकरी राहिली. साहेब त्याच्याशी पूर्वीसारखं बोलत मात्र नसत. काटा वर चढला आणि वरच राहिला. टोकाचं घर बंद करता येत नव्हतं. तिथलं पाणी थांबलं तर गोठून नळ फुटला असता. म्हणून थंडीभर अप्पांच्या रिकाम्या खोलीत ऊन पाणी फिरत राहिलं. गावात सगळ्यात जास्त ऊब आता तिथे होती, कारण दार उघडायला कुणी नव्हतं.

एक दिवसाआड बुटकी हवा सोडायला वर जायची. एके दिवशी तिने बाळालाही नेलं होतं. खोली इतकी तापलेली, की तिने बाळाचं स्वेटर काढलं आणि स्वतःची शालही. मागची भिंत सुकून तिच्यावर पांढरे पोपडे आले होते. ती चावी पिळत होती तेवढ्यात फोन वाजला. अप्पा होते. आदल्या दिवशी दादाने तिला सांगितलं होतं, फुप्फुस अर्धंच उरलंय, डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केलाय. अप्पांना अजून बोललो नाही.

"कुठे आहेस?" अप्पांनी विचारलं.

"वर. तुमच्या घरी."

"गरम आहे का?"

"हो, अप्पा. वरपर्यंत गरम आहे."

"मग झालं." श्वास घ्यायला ते थांबले. मागे शहरातल्या गाड्यांचा आवाज येत होता. "इथेही बरं आहे. दादा काही कमी पडू देत नाही."

ती भिंतीला टेकली. बाळ फरशीवर पालथं पडून पोपडा नखाने उकरत होतं.

"अप्पा, ते पाणी… मला तेव्हाच कळलं होतं. तुमची पेटी हाताने बघून गेले, आणि तरी पाच दिवस मी…"

"काय म्हणतेस? इथे नीट ऐकू येत नाही गं."

तिने पुन्हा सुरुवात केली, मोठ्याने. त्यांनी मधेच थांबवलं.

"राहू दे आता. फोनवर काय असं बोलायचं. मी येईन ना उन्हाळ्यात. आलो की निवांत बोलू."

तिने बाळाच्या हातातला पोपडा काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "या मग."